खोटी कुस्ती, खरी पाठ

'सगळे आधीच ठरलेले असते, त्यात पाहायचे काय?' व्यावसायिक कुस्तीच्या शौकिनाला हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागतो की त्याने उत्तराची चिठ्ठी छापून खिशातच ठेवावी. माझे उत्तर असे : होय, ठरलेले असते. नाटकातही ठरलेलेच असते. रंगमंचावर भीमाने कीचकाला मारले की पहिल्या रांगेतले सद्गृहस्थ पोलीस चौकीकडे धाव घेत नाहीत. कीचक मरणार हे आधीच ठाऊक होते, म्हणून तिकिटाचे पैसेही परत मागत नाहीत. भीम शोभला की नाही, आणि कीचकाने मरताना फार वेळ तर लावला नाही ना, एवढेच ते पाहतात.

वसतिगृहातल्या माझ्या कोल्हापूरकडच्या मित्राला हे पटत नाही. तांबड्या मातीत होते ती कुस्ती, बाकी सगळी नुरा, असा त्याचा निकाल आहे. त्याचा राग मला समजतो. नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक असते. निकाली कुस्ती म्हणून पैसे घ्यायचे आणि आत दोघांनी संगनमत करायचे. अमेरिकेतल्या या धंद्यानेही पुष्कळ वर्षे तेच केले. पण १९८९ साली तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सीच्या राज्य सिनेटपुढे कबूलच करून टाकले की हा क्रीडाप्रकार नसून करमणूक आहे. त्यामागे सत्याची आवड नव्हती. क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून आणि करातून सुटका हवी होती. कारण काही का असेना, त्यानंतर फसवले गेल्याची तक्रार करण्यात अर्थ राहिला नाही. आपल्याकडे मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या कुस्त्यांना लोटलेल्या गर्दीत सगळेच भोळे होते, असे मला तरी वाटत नाही.

आता ज्या कार्यक्रमाविषयी लिहायचे आहे त्याकडे येतो. २९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या पाँटिअॅक गावी सिल्व्हरडोम नावाच्या प्रेक्षागारात 'रेसलमेनिया ३' झाला. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मी तो पाहिला आहे मोबाईलच्या पडद्यावर, आणि परीक्षेच्या दिवसांत जरा जास्तच वेळा. प्रेक्षकांचा जाहीर केलेला आकडा ९३,१७३. हा आकडा फुगवलेला आहे, असे जाणकार आजही म्हणतात. पण गर्दी खरी होती. हवेच्या दाबावर तोललेल्या कापडी छतातून दिवसाचा उजेड आत झिरपत होता. प्रवेशद्वारापासून रिंगण इतके दूर की मल्लांना रिंगणाच्याच आकाराच्या छोट्या मोटारगाडीतून आणावे लागले. त्या गाडीवर उभे राहून दोन्ही बाजूंच्या लोकांकडे पाहत येणारा पैलवान लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवासारखा दिसतो. फरक एवढाच की इथे निम्म्या नवरदेवांची हुर्यो उडवली जाते.

एकूण बारा कुस्त्या. त्यांतल्या निम्म्यांविषयी दोन वाक्यांपेक्षा जास्त लिहिणे म्हणजे शाईचा अपव्यय. बिली जॅक हेन्स आणि हर्क्युलिस दोघेही एकच डाव टाकणारे. मागून काखेत हात घालून मानेवर बोटे गुंफायची, हा तो डाव. तेव्हा कोणाची पकड भारी, एवढाच प्रश्न होता. पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा दोघेही रिंगणाबाहेर बाद! बुच रीड आणि कोको बी. वेअर यांच्या कुस्तीतले मला आठवते ते पात्र म्हणजे कोकोचा पोपट.

काही कुस्त्या मात्र वाईट होत्या, आणि त्या वाईट का, हे सांगायला हवे. किंग काँग बंडी हा सुमारे दोनशे किलोंचा माणूस आणि त्याच्या विरुद्ध बाजूला लिटल बीव्हर हा पन्नाशी उलटलेला ठेंगू मल्ल. बंडीने त्याला उचलून आपटले आणि वर कोपर टाकून अंग झोकले. त्याबद्दल बंडीची बाजू बाद ठरली, खुद्द बंडीचे ठेंगू साथीदारही त्याच्यावर उलटले. कथेपुरता न्याय झाला. पण त्या आधी प्रेक्षकांना हसवण्यासाठी जे चालले होते, ते माझ्या दृष्टीने त्या आपटण्याहून फारसे सभ्य नव्हते. दुसरी कुस्ती हार्ली रेस आणि जंकयार्ड डॉग यांची. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यापुढे वाकून मुजरा करायचा, ही अट. रेस गोरा, डोक्यावर राजाचा मुकुट घालून मिरवणारा. जंकयार्ड डॉग काळा, गळ्यात साखळी बांधून येणारा. हरला कोण हे सांगायला नको. वाकून झाल्यावर त्याने 'राजा'ला खुर्चीने बडवले आणि त्याचा झगा पळवला, तेव्हा प्रेक्षागार आनंदाने ओरडले. मला ते पुरेसे वाटले नाही. ज्या देशाच्या इतिहासात गुलामगिरी आहे तिथे हे चित्र कोणाला कसे दिसेल, याचा विचार कथा रचणाऱ्याने करायला हवा होता.

आयर्न शीक आणि निकोलाय वोल्कॉफ यांची कुस्ती तर राष्ट्राभिमानाची जत्राच. शीक खरोखरच इराणी, तरुणपणी तिथे अस्सल कुस्ती खेळलेला. वोल्कॉफ मात्र रशियन नव्हताच. युगोस्लाव्हियातून निघून आलेला माणूस रोज सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊन शिव्या खात होता आणि त्यावर पोट भरत होता. त्या दिवशी जिम डगन अमेरिकेचा झेंडा घेऊन मध्ये घुसला, शीकला लाकडी फळीने हाणले, आणि नियमाप्रमाणे डगनचीच माणसे हरली. देशप्रेमाने आपल्याच माणसांचा पराभव केल्याचे इतके सरळ उदाहरण राज्यशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही. लिहिणाऱ्यांना हा विनोद कळला होता की नाही, याविषयी मात्र मला शंका आहे.

रॉडी पायपर आणि एड्रियन अॅडोनिस यांची कुस्ती हरणाऱ्याचे डोके भादरण्याच्या अटीवर होती, आणि पायपर चित्रपटांत जाण्यासाठी निरोप घेत होता. डावपेच बेताचेच, पण पायपरला पाहताना कंटाळा येत नाही. तो हात जमिनीवर पडू लागला की आपणही श्वास धरतो. अॅडोनिसच्या डोक्यावरून ब्रूटस बीफकेकने यंत्र फिरवले ते मात्र इतके वाकडेतिकडे की आमच्या चौकातल्या कोणत्याही कारागिराला लाज वाटावी. पायपरचा तो निरोप शेवटचा नव्हता. १९८९ मध्ये तो परत आला. या धंद्यात निवृत्ती नाटक मंडळ्यांच्या 'शेवटच्या प्रयोगा'सारखीच असते.

ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीची कुस्ती दिसायला साधीच. पण तिच्यातल्या डायनामाइट किडकडे मी नेहमी पाहत राहतो. डिसेंबर १९८६ मध्ये त्याच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली होती आणि शस्त्रक्रियाही झाली होती. चार महिनेही उलटले नव्हते. तो माणूस पूर्वी अंग झोकून खेळायचा. त्या दिवशी तो जपून खेळताना दिसतो. पुढे त्याचे आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले आणि २०१८ मध्ये तो वारला. निकाल ठरलेला होता, हे खरे. पाठीचे काय ठरले होते?

आता रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट. या कुस्तीविषयी वाईट बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि मीही तिला त्या दिवसातली सर्वांत सुंदर कुस्ती म्हणतो. पूर्वकथा अशी की काही महिन्यांपूर्वी सॅव्हेजने रिंगणाच्या घंटेने स्टीमबोटचा गळा चेचला होता. म्हणजे पट्ट्यासाठी लढत होती आणि सूडासाठीही. कुस्ती चालली साडेचौदा मिनिटे. एवढ्या वेळात खांदे टेकवून पंचाचा हात दोनदा पडावा आणि तिसऱ्यांदा पडण्याआधी खालच्याने उसळावे, हे इतक्यांदा घडते की मोजणे सोडून द्यावे लागते. दर वेळी वाटते, आता संपली. एकही डाव वाया जात नाही. सॅव्हेज गळ्याकडे जातो, कारण गळा दुखरा आहे. स्टीमबोट दंड पकडून त्याला भिरकावतो, कारण राग आधी बाहेर पडायला हवा. आमच्या मराठीच्या सरांनी एकदा सांगितले होते की चांगल्या कथेत पुढचे वाक्य मागच्या वाक्याच्या पोटातून यावे. ते मला या कुस्तीत दिसले.

हे आपोआप झाले नव्हते. त्या काळी बहुतेक मल्ल रिंगणात कानात कुजबुजत पुढचा डाव ठरवायचे. सॅव्हेजला ते मंजूर नव्हते. त्याने ही कुस्ती आधीच डावामागून डाव लिहून काढली आणि दोघांनी ती एकमेकांकडून पाठ म्हणून घेतली, असे स्टीमबोटने पुढे सांगितले आहे. काही शौकीन यालाच दोष मानतात. पाठांतर आले की जिवंतपणा गेला, असे म्हणतात. मला हे मान्य नाही. तालमीमुळे गाणे मरत असते तर गवयांनी रियाझ कशाला केला असता?

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती शेवटाविषयी आहे. स्टीमबोटच्या बाजूला जॉर्ज स्टील हा केसाळ, अर्धवट रानटी वागणारा मल्ल उभा होता. सॅव्हेज पुन्हा घंटा घेऊन दोरावर चढतो तेव्हा स्टील त्याला ढकलून देतो. मग उठलेला सॅव्हेज स्टीमबोटला उचलायला जातो, आणि स्टीमबोट वरच्या वर त्याचा पाय अडकवून त्याला गुंडाळतो. एक, दोन, तीन. लोक उभे राहतात. त्या गुंडाळीइतका चपळ डाव दिवसभरात दुसरा झाला नाही, पण तिच्या आधी ती ढकल आहे. इतका वेळ दोघांनी स्वतःच्या बळावर उभारलेली इमारत, आणि कळस चढवायला तिसरा माणूस! सॅव्हेजचा मान राहावा म्हणून हे केले असेल. पण त्यामुळे स्टीमबोटचा विजय थोडा उसना झाला, आणि या कुस्तीला निर्दोष म्हणणाऱ्यांशी मी याच एका मुद्द्यावर भांडत असतो. स्टीमबोटकडे तो पट्टा जूनच्या सुरुवातीपर्यंतच टिकला, हे आणखी एक दुःख.

शेवटची कुस्ती हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची. शौकिनांच्या सभेत तिला नावे ठेवण्याची पद्धत आहे : संथ, बोजड, निम्मा वेळ नुसती मिठी. आरोप सगळे खरे आहेत. जाहिरातीही खोट्या होत्या. आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य आहे, असे सांगितले गेले. पण १९८६ च्या जूनमध्येच जपानात अँटोनियो इनोकीने त्याला हार मानायला लावली होती. त्याला कोणी उचलून आपटलेले नाही, असेही भासवले गेले. पण खुद्द होगननेच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्याला आपटले होते. हे सगळे ठाऊक असूनही मी सॅव्हेज-स्टीमबोटपेक्षा ही कुस्ती अधिक वेळा पाहिली आहे, ती आंद्रेसाठी.

आंद्रे १९४६ साली फ्रान्समध्ये जन्मला. शरीरातल्या वाढीच्या संप्रेरकाच्या विकाराने त्याची हाडे वाढतच राहिली. जाहिरातीत त्याची उंची सात फूट चार इंच आणि वजन ५२० पौंड. १९८७ पर्यंत हा देह त्यालाच पेलेनासा झाला होता. पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, काळ्या पोशाखाखाली आधाराचा पट्टा. त्याच सुमारास चित्रित झालेल्या 'द प्रिन्सेस ब्राइड' या चित्रपटात एका सडपातळ नायिकेला झेलायचे, तर तिला तारांनी तोलून धरावे लागले होते. आता कुस्तीची सुरुवात पाहा. होगन पहिल्याच झटक्यात त्याला उचलायला जातो, कोलमडतो, आणि तो डोंगर त्याच्या अंगावर कोसळतो. पंच दोनपर्यंत मोजतो. कथेत होगनची पाठ गेली आहे. सगळे प्रेक्षागार होगनच्या पाठीसाठी हळहळते, आणि खरी मोडलेली पाठ वर आहे!

मग ती लांबलचक मिठी. उभे राहून विसावा घेण्याची ती युक्ती आहे, हे एकदा कळले की कंटाळा येत नाही, पोटात कालवते. शेवटी होगन त्याला खाली पाडतो, उठवतो, उचलतो आणि आपटतो. त्या आकाराच्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय कोणी उचलू शकत नाही. त्याने वजन सोडले नाही, थोडा वर झेपावला नाही, तर उचलणाऱ्याचीच कंबर मोडेल. तेव्हा त्या क्षणी काम दोघांनी केले. होगनने जोर लावला, आणि आंद्रेने आपली दुखरी पाठ ताठ फळीवर पडू दिली, तीही आपली अजिंक्य म्हणून असलेली सारी पुण्याई दुसऱ्याच्या नावे करून देण्यासाठी. होगनच्या वाट्याला पुढे जी कीर्ती आली तिच्यातला मोठा हिस्सा या एका आपटण्यातून आला. आंद्रे १९९३ साली पॅरिसमध्ये वारला. होगन २०२५ च्या जुलैमध्ये गेला. ते सिल्व्हरडोमही २०१७ मध्ये पाडले; सुरुंग लावले तरी पहिल्या दिवशी ते पडायला तयार नव्हते.

माझा कोल्हापूरचा मित्र ही कुस्ती एकदाच पाहायला तयार झाला. 'डाव एकही धड नाही,' म्हणाला. मी काही बोललो नाही. शेवटी ती छोटी गाडी आंद्रे आणि त्याचा व्यवस्थापक बॉबी हीनन यांना घेऊन बाहेर निघते. हीनन ओरडतो आहे, हातवारे करतो आहे. आंद्रे गप्प आहे. तेव्हा मित्र पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "थांब जरा, तो उतरताना कसा उतरतो ते बघू दे." पण कॅमेरा तोवर होगनकडे वळला होता.