सरड्याची धाव बादलीपर्यंत

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण ऑफिसात किती सहज फेकतो! अप्रेझलच्या सीझनला तर जरा जास्तच. पण त्या सरड्याला कुंपणापाशी काय हवं असतं, हे कुणी विचारत नाही. तो सरडा नसून पोटुशी मादी असेल, तर उत्तर सोपं आहे. तिला माती हवी असते. अंडी घालायला.

आता तुम्ही म्हणाल, आज हे काय मध्येच? तर मंडळी, आपल्या कोल्हापूरचे प्राण्यांचे नाद पहिल्यापासून भारी. दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवणारं हे गाव. संस्थानच्या काळात तर इथं शिकारीसाठी चित्ते पाळले जायचे, तेही आफ्रिकेतून मागवलेले. बाहेरून मागवावे लागायचे, कारण पाळलेल्या चित्त्यांना कैदेत पिल्लं जवळजवळ होतच नसत. जहांगीर बादशहाच्या पदरी एकदा झाली, तर त्यानं ते नवल म्हणून लिहून ठेवलं. सांगायचा मुद्दा इतकाच, की प्राणी खातोय-पितोय म्हणजे त्याचं सगळं आलबेल आहे, असं नसतं.

चित्ते गेले, नाद राहिला. आता फ्लॅटमध्ये काचेची पेटी येते आणि त्यात परदेशी कॅमेलिऑन. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. पाहुण्यांसमोर सॉलिड इम्प्रेशन! ताराबाई पार्कातल्या माझ्या एका मैत्रिणीनं अशीच एक मादी आणली. येमेन आणि सौदी अरेबिया हे मूळ घर असलेली, डोक्यावर उंच तुरा असणारी जात. विकणारा म्हणाला होता, ''एकटी मादी आहे मॅडम, पिल्लाबिल्लांचं टेन्शनच नाही.'' काही महिन्यांनी मैत्रिणीचा फोन. ''अगं, ही खात नाहीये. फांदी सोडून खाली उतरलीये आणि दिवसभर काच खरवडतेय. चिडलीये का माझ्यावर?''

चिडली नव्हती. तिच्या पोटात अंडी होती.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. नर नसला तरी या जातीची मादी अंडी धरते. कोंबडी नाही का कोंबड्याशिवाय अंडी देत? तसंच. फक्त ती फळत नाहीत. वयाच्या पाच-सहा महिन्यांतच हे सुरू होऊ शकतं, आणि एका वेळी वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत अंडी होतात. लाडानं जितकं जास्त खाऊ घालाल आणि पेटी जितकी जास्त तापवाल, तितकी अंडी वाढतात.

ही अंडी ती फांदीवर बसून घालत नाही. खाली उतरते, ओलसर जमिनीत बोगदा खणते, आत अंडी घालते आणि वरून माती थापून निघून जाते. खणायला जागाच नसेल तर? मग ती अंडी रोखून धरते. आज, उद्या, परवा. रोखून धरलेली अंडी अडतात. आपल्याकडं अडलेल्या बाळंतिणीबद्दल जुन्या बायका दबक्या आवाजात बोलायच्या ना, तेच हे. वेळेत सुटका झाली नाही तर मादी मरते. चकाचक काच आणि खाली कागद अंथरलेली पेटी दिसायला छान असते, पण तिच्यासाठी तो सापळा ठरतो.

दुसरं कारण कॅल्शियमचं. अंड्यांचं कवच त्यातूनच बनतं आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. अंगात कॅल्शियम मुरायला 'ड' जीवनसत्त्व हवं, आणि त्यासाठी अतिनील किरण. ''आमच्या खिडकीत भरपूर ऊन येतं की!'' असं म्हणू नका. खिडकीच्या काचेतून नेमके हवे ते किरण आत येतच नाहीत. त्यासाठी खास दिवा हवा, किंवा जाळीच्या पिंजऱ्यातून गच्चीवर सकाळचं कोवळं ऊन, बाजूला सावलीची सोय करून. शिवाय नाकतोडे, रातकिडे खायला देताना त्यांवर कॅल्शियमची पूड.

मैत्रिणीला मी सांगितलेला इलाज आपल्या बाथरूममध्येच होता. मोठी बादली. तिच्यात किमान फूटभर ओलसर वाळू. मुठीत दाबली तर गोळा टिकला पाहिजे, पाणी मात्र गळता कामा नये. बोगदा ढासळला की ती काम सोडून देते. ती बादली पिंजऱ्यात ठेवायची, बाहेरून कापड टाकायचं आणि तिथून निघून जायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड! कारण आपल्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायचा असतो. कुणी बघतंय हे कळलं, की ती खणणं थांबवते आणि अंडी पुन्हा आत अडकतात. मैत्रिणीनं दोन दिवस मन मारलं. तिसऱ्या दिवशी मादी वर फांदीवर दिसली, बारीक झालेली, तहानलेली. वाळूत चौतीस अंडी निघाली.

पण प्रत्येक वेळी बादली पुरत नाही. खरवडणारी, खणणारी मादी ठीक असते. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेली, डोळे खोल गेलेले, फांदीवरून पडणारी, पाय थरथरणारी, जमिनीवर नुसती पसरलेली दिसली तर मात्र वाळू-बिळू विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक्स-रेमध्ये अंडी दिसतात. सलाइन, कॅल्शियम, गरज पडली तर इंजेक्शन आणि शेवटी ऑपरेशन, हा क्रम डॉक्टरच ठरवतील. घरी पोट दाबायचं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर गल्लोगल्ली मिळत नाहीत. शिरवळचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणजे हायवेनं काही तासांचा रस्ता. म्हणून डॉक्टरचा नंबर प्राणी घेण्याआधी हवा, अंडी अडल्यावर नव्हे.

घरी 'लव्हबर्ड्स' म्हणून बजरीगर पाळणाऱ्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. त्यांच्या मादीचंही अंडं अडतं. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली मादी दिसली तर ऊब द्या आणि थेट डॉक्टरकडं न्या. पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवतात तो शोभेसाठी नव्हे, कॅल्शियमसाठी.

आणि एक ठणकावून सांगते. पन्हाळ्याच्या वाटेवर किंवा शेताच्या बांधावर डुलत डुलत चालणारा आपला घोयरा सरडा दिसला, तर तो उचलून घरी आणायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. पकडणं, विकणं, पाळणं, सगळा गुन्हा. तो रस्ता ओलांडत असेल तर गाडी थांबवा. कदाचित ती मादी असेल, झाडावरून उतरून माती शोधायला निघालेली. जखमी दिसली तर वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. परदेशी कॅमेलिऑनही आता 'आणला आणि ठेवला' असं चालत नाही. 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पिल्लं झाली तर तीही कळवायची.

मग पाळायचाच नाही का? मी म्हणेन, आधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा. किंमत नको, रंग नको. विचारा, ''ही अंडी कुठं घालणार?'' तो हसला, तर गाडीला किक मारा आणि सरळ रंकाळ्यावर भेळ खायला जा.