अर्थिंग बघ आधी!

आमच्या गॅरेजमध्ये एक रिटायर्ड पोलिस राहतो. कावासाकी केझेड1000पी. 1982 ते 2005 या काळात खास अमेरिकन पोलिसांसाठी बनलेली, चार सिलिंडरची धिप्पाड बाइक. जॉबसाठी सॅन होजेला आलो आणि पहिल्याच बोनसमधून लिलावातली ही घेतली. बायको एवढंच म्हणाली, "म्हणजे सोफा राहिला!"

विकण्याआधी सायरन आणि लाल-निळे दिवे काढून घेतात. ते लावून इथे तुम्हा-आम्हाला रस्त्यावर फिरताच येत नाही. म्हणून मी पुढे दोन पांढरे फॉग लॅम्प बसवले, 55-55 वॉटचे. स्विच दाबला. रिले 'टक्' वाजला. आणि दिवे? देवघरातल्या समईसारखे!

फ्यूज शाबूत. बल्ब थेट बॅटरीला लावले, तर लख्ख. दिव्याचा प्लग काढून मल्टिमीटर लावला, तर 12.6 व्होल्ट. मग घोडं अडलंय कुठे? नवा रिले, नवा स्विच... तीन रविवार गेले.

शेवटी रात्री नऊला सोलापूरला बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ. बाबा वीज मंडळात वायरमन होते. एरवी आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" आणि लगेच "आईला देतो."

"अरे, नळ बंद असताना पाइपात प्रेशर असतंच. तोटी उघडल्यावर धार किती येते ते बघ. दिवे चालू ठेवून माप. अर्थिंग बघ आधी."

दिवे चालू ठेवले. मीटरची एक पिन दिव्याच्या काळ्या वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले 4 व्होल्ट! अर्थची वायर मीच फ्रेमला कसली होती, चक्क पेंटवर. पॉलिश पेपरने पेंट घासला, स्क्रू आवळला. गॅरेजची भिंत पांढरीशुभ्र!

"दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअर," बाबा सांगत होते. "वायर जाड आहे ना? फ्यूज बॅटरीजवळच घे, पंधराचा."

फोन चाळीस मिनिटं चालला. आईला द्यायचं ते विसरलेच.

पुढच्या रविवारी त्यांचाच फोन. "दिवे ठीक? हॉर्न वाजतो ना नीट?"

हॉर्न अख्खी गल्ली जागी करतो. मी म्हटलं, "जरा बसकाच वाटतोय, बाबा."