संगीत म्हणजे मेंदूचे टॉनिक नव्हे!

संगीत ऐकविले की मूल हुशार होते, हा समज आमच्या घरांतूनही आता मूळ धरू लागला आहे. गर्भवती मातेच्या पोटाशी मोझार्ट, पाळण्याशेजारी मोझार्ट आणि अभ्यासाच्या मेजावरही मोझार्ट! ऐकणाऱ्याला आनंद होतो की नाही, हे कोणी पाहत नाही. गुण किती वाढतील, एवढीच पृच्छा. संगीताची ही अवहेलना आम्हांस मान्य नाही. शिवाय तिच्यामागचे शास्त्रही पोकळ आहे.

या समजाचे मूळ १९९३ साली ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका छोट्या निबंधात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटे ऐकविला. त्यानंतर आकृतींच्या आकलनाच्या चाचणीत त्यांना बुद्ध्यंकाच्या मापाने आठ-नऊ गुण अधिक मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला. त्या प्रयोगात एकही अर्भक नव्हते! तरीही १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बालकाला संगीताची भेट देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. व्यापाऱ्यांना आणखी काय हवे होते?

पुढे काय झाले, हे मात्र जाहिरातींत येत नाही. १९९९ साली कॅनडातील संशोधकांना असे आढळले की, ज्यांना स्टीफन किंगची कथा ऐकणे अधिक आवडले, ते कथेनंतर सरस ठरले आणि ज्यांना मोझार्ट आवडला, ते मोझार्टनंतर. म्हणजे किमया सुरांची नव्हती. प्रसन्न, जागृत मनाची होती. २०१० साली व्हिएन्नातील संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास व तीन हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. मोझार्टच्याच संगीतात काही खास शक्ती असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

“ऐकणे राहू द्या, वाद्य शिकल्याने तरी बुद्धी वाढते ना?” असे कोणी विचारील. टोरांटोजवळ १४४ सहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यंक इतरांहून थोडा अधिक वाढला, हे खरे. परंतु २०२० साली ५४ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा काटेकोर प्रयोगांत हा लाभ जवळजवळ शून्यावर आला.

मग संगीताचा मेंदूशी संबंधच नाही काय? आहे, आणि तो फार खोल आहे. आवडत्या सुरांनी अंगावर रोमांच उठतात, त्या वेळी मेंदूत डोपामाइन स्रवते, हे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली दाखविले. अर्धांगवायूने वाचा गेलेला रुग्ण पुष्कळदा ओळखीचे गीत शब्दांसह गाऊ शकतो. याच अनुभवाच्या आधारे बोस्टनमध्ये १९७३ साली सुरांतून वाणी परत आणण्याची उपचारपद्धती मांडली गेली. जे अंतःकरणात इतके खोल रुजते, त्याची किंमत आपण गुणपत्रिकेवर करावी काय?

या हिशेबाची शिक्षा मुले भोगतात. गुणांच्या आशेने व्हायोलिनच्या वर्गाला घातलेले मूल, गुण वाढले नाहीत म्हणून दहावीच्या वर्षी वर्गातून काढले जाते. गायनवृंदाच्या सरावाला “अभ्यास बुडतो” म्हणून नकार येतो. पालकहो, जे बुद्धीसाठी सुरू केले, ते बुद्धीसाठीच बंद पडणार, हे ओळखा. मुलाला गाऊ द्या, कारण गाणे चांगले आहे. याहून वेगळे कारण त्याला लागत नाही. आणि ऐकविण्यासाठी यंत्र शोधू नका. रात्री दिवा मालविण्यापूर्वी तुम्हीच त्याच्यासोबत एक गीत म्हणा. सूर चुकला तरी हरकत नाही.