रोडगा वावरातच का?

अनसिंगच्या शिवारात हिवाळ्यात रोडग्यांची पंगत ठरली की परातीपाशी पुरुष बसलेले दिसतात. सोयाबीन घरात आलेलं असतं, तूर अजून उभी असते, वांग्यांचा हंगाम असतो. कुठे कोणाचा नवस असतो, कुठे मारुतीचा भंडारा, तर कुठे नुसतीच दोस्तांची पार्टी. चाळीस-पन्नास माणसांची कणीक पुरुष मळतात, गोवऱ्या पुरुष रचतात, वांग्याच्या भाजीला फोडणी पुरुषच देतात. वर ऐकवतात, "आपल्या हातचा रोडगा खाऊन पाय एकडाव!"

आणि हाच माणूस पोळ्याच्या दिवशी बैल ओवाळून झाला की पाटावर बसून पुरणपोळीची वाट पाहतो. त्या दिवशी त्याच्या हाताला काय होतं, हा माझा प्रश्न आहे.

'आम्हाला कुठं येतं' हे उत्तर चालणार नाही, कारण रोडगा सोपा नाही. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, ओवा, जिरं, मीठ, किंचित हळद. कणीक घट्ट मळावी लागते. मग लहान-मोठ्या पाऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून कोरडं पीठ भुरभुरायचं, एकीत एक ठेवून सगळ्यात मोठ्या पारीत बांधायच्या आणि गोळा वळायचा. तोंड नीट मिटलं नाही तर राख आत शिरते. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे झाल्याशिवाय गोळे टाकायचे नाहीत. घाई केली तर वरून कोळसा, आत कच्चं पीठ. मग फिरवत राहायचं, गरम राखेत दाबायचं, फडक्याने झाडायचं. फोडल्यावर पापुद्रे सुटले पाहिजेत. पन्नास माणसांसाठी हे ज्याला जमतं, त्याला पाच माणसांचं पुरण वाटायला जमणार नाही? जमतं. फक्त वावरात बघणारे असतात, वाहवा असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचं नसतं. भांडी तर बहुधा घरीच येतात.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, असं निघालं. पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं, आणि तीही फक्त जे करतात त्यांची. करणारे होते शंभरात सव्वीस. हे एरवीच्या दिवसांचं. सणाला बायकांची मिनिटं वाढतात, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

एकनाथांच्या भारुडातली सून सासरची एकेक माणसं दूर व्हावीत म्हणून भवानीला रोडग्याचा नवस बोलते. त्या भारुडाचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतील. मला मात्र नेहमी वाटतं, नवस फळला असता तर तो रोडगाही तिलाच भाजावा लागला असता.

म्हणून माझं म्हणणं असं की, रोडगा वावरातून घरात आणा. सणाचा नैवेद्य म्हणून आणा, आणि जे बाहेर करतात त्यांनीच तो घरात करावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गोवरीच्या आराशिवाय रोडग्याला चव नाही. धुराचा वास जातो हे खरं. पण ही गोवरी थापतं कोण? शेण गोळा करणं, त्यात भुसा कालवणं, थापणं, उलटणं, पावसाआधी रचून ठेवणं, यातलं बहुतेक काम घरची बाई करते. चवीच्या नावाने हट्ट धरणाऱ्यांपैकी किती जणांनी एक तरी गोवरी थापली असेल? शिवाय पोळा येतो श्रावण अमावास्येला. भर पावसाळ्यात उघड्यावर आर कसा टिकणार? तेव्हा घरातली भट्टीच बरी, मग ती विजेची असो की गॅसवरची.

दुसरा आक्षेप देवाचा. देवाला पुरणच लागतं म्हणे. चंपाषष्ठीला खंडोबा बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत घेतो, त्याला कधी कमीपणा वाटलेला नाही. आणि हाताला सुटी दिल्याने सण बुडत नाही, हे आपण एरवी मानतोच. दिवाळीत मैदा, साखर, तूप बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणणारी घरं महाराष्ट्रात गावोगाव होती. मुंबईत गुड फ्रायडेला क्रूसाची खूण असलेले मसाल्याचे गोड पाव लोक बेकरीतून आणतात. त्यांच्या श्रद्धेत काही उणं पडत नाही. मग पोळ्यालाच बाईच्या कंबरेची परीक्षा कशाला?

नैवेद्याला गोड हवं, ठीक आहे. पंगतीत शेवटचा रोडगा चुरून गूळ-तूप घालून खातातच. तोच गोडवा आधी कणकेत घालता येतो. अर्धा किलो जाडसर कणकेला दीडशे ग्रॅम गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. त्यात सुंठ, वेलची, थोडं जायफळ, चमचाभर भाजलेली खसखस आणि चिमूटभर मीठ. मोहन तुपाचं. पाणी बेतानेच घ्यायचं, गुळाने कणीक नंतर सैल पडते. गोळे लिंबापेक्षा थोडे मोठे ठेवावेत. गूळ लवकर करपतो, म्हणून आच मंद हवी: भट्टी १७० अंशांवर आधी तापवून साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. पहिल्या खेपेला एक गोळा फोडून बघावा, आत ओलसर असेल तर आणखी पाच मिनिटं. गरम असतानाच फोडून तुपात बुडवावा.

परात आणि भट्टीचा पत्रा लगेच पाण्यात टाकावा, वाळलेला गूळ घासायला जड जातो. ते घासणंही ज्याने रोडगे केले त्याच्याकडेच.