गायरानावरचा सूर्य कोणाच्या मालकीचा?

पहूर परिसरातील गावांतून अलीकडे आमच्याकडे माणसे येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दंडाच्या जुन्या पावत्या. विचारणे एकच असते : "वकीलसाहेब, गायरानावर सोलर येणार म्हणतात, मग आमचं काय?"

प्रथमच स्पष्ट करतो, सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्यासोबत वीज आणि पाटबंधारे हे विषय सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. रात्री-अपरात्री पिकाला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हेही योग्यच. आमचे भांडण आहे ते 'पडीक' या एका शब्दाशी.

राजस्थानात भडला येथे सुमारे १४ हजार एकर वाळवंटावर २,२४५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. वाळवंट म्हणजे ओसाड, तिथे कोणाचे काय जाणार, असे शहरातल्या माणसाला वाटते. पण त्याच पश्चिम राजस्थानात 'ओरण' म्हणून राखलेल्या चराऊ जमिनी वाचवण्यासाठी मेंढपाळ आणि गावकरी रस्त्यावर उतरले आहेत. सरकारी कागद ज्याला ओसाड म्हणतो, त्यावर कोणाचे तरी पोट असते.

खान्देशला हे दुरून पाहण्याची गरज नाही. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ सालीच सुरू झाला. शिंदखेडा तालुक्यातील विखरणच्या धर्मा पाटील यांची जमीन आधी औष्णिक वीज प्रकल्पाच्या नावाने गेली, नंतर तिथे सौर प्रकल्पाचे ठरले. पाच एकरांचा मोबदला सुमारे चार लाख. न्याय मागत चौऱ्याऐंशी वर्षांचा हा शेतकरी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात पोहोचला आणि तिथेच त्याने विष घेतले. २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. धर्माबाबांकडे सातबारा होता, तरी ही गत. ज्यांच्याकडे सातबाराच नाही, केवळ गाव नमुना १-ई मध्ये 'अतिक्रमणधारक' एवढीच ओळख आहे, त्यांना मोबदल्याची नोटीस तरी कोण काढणार?

ही अतिक्रमणे म्हणजे चोरी नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह पेटवला तो याच खान्देश-नाशिकच्या मातीत. डिसेंबर १९६४ मध्ये तो देशभर गेला आणि लाखो लोकांनी तुरुंग भरले. त्या रेट्याचाच पुढचा परिणाम म्हणजे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करावीत, असे तो सांगतो. (तारीख भीमजयंतीची निवडली, अंमलबजावणीला मात्र मुहूर्त सापडत नाही!) किती अर्ज तहसीलच्या दप्तरात धूळ खात आहेत, हे पावत्यांची पिशवी घेऊन फिरणाऱ्यांना विचारा.

अधिकारी आता सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला २०११ चा निकाल पुढे करतात. निकाल आम्हीही वाचला आहे. गावाच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढा, असे त्यात आहे, हे खरे. पण भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिला असेल, तर तो अपवाद, हेही त्याच निकालात आहे. साहेब पहिले वाक्य वाचतात आणि फाईल मिटतात. पट्टा द्यायचा नाही, आणि पट्टा नाही म्हणून हाकलायचे, हा कोणता न्याय?

आता हिशेब बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे, त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र प्रकल्पाला तीस वर्षांसाठी वर्षाला नाममात्र एक रुपयाने. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तेही तीनच वर्षे. म्हणजे ज्याला जमीन आहे त्याला भाडे, पंप आहे त्याला वीज, कंपनीला एका रुपयात गायरान. आणि पन्नास वर्षे दगडगोटे वेचून ते गायरान पिकाखाली आणणाऱ्या आमच्या माणसाला? कुंपणाबाहेर उभे राहण्याची मोकळीक!

१९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी जमीन राज्याच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक शेतीसाठी द्यावी, अशी योजना मांडली होती. जमीन राज्याची आहेच, तीस वर्षांचा पट्टा देण्याचा अधिकारही राज्य वापरतेच आहे. मग तोच एक रुपयाचा पट्टा भूमिहीन बौद्ध, मातंग, भिल्ल, पारधी कुटुंबांच्या सहकारी संस्थेला का नको? पॅनल कंपनीने बसवावेत, हेक्टरी सव्वा लाखाचे भाडे संस्थेला द्यावे. सरकारच्या तिजोरीला यात वेगळा खड्डा पडत नाही. खासगी जमिनीचे भाडे आजही दिले जातेच आहे. आणि १९९१ च्या निर्णयाखालचे दावे निकाली निघेपर्यंत त्या गटांवर एकही खांब रोवू नये.

तोपर्यंत आपल्या लोकांनी दंडाच्या मूळ पावत्या कोणाच्याही हाती देऊ नयेत, झेरॉक्सच द्यावी. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, नाव बदलले, दप्तर तेच) १-ई चा जुना उतारा नक्कल फी भरून घ्यावा. नाही म्हटले तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. गायरानाचा विषय ग्रामसभेत आला की हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी हरकत इतिवृत्तात कधीच सापडत नाही.