कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

संगणकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे होतो. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार जगभर ठप्प केला, तेव्हा न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. हा उपद्रव ज्या वाटांनी पसरला, त्यांपैकी एक म्हणजे विंडोज या संचालन प्रणालीतील एक छिद्र होते. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला ते आधीच ठाऊक होते. परंतु हेरगिरीचे हत्यार म्हणून तिने ते गुप्त ठेवले आणि पुढे ते हत्यारच बाहेर फुटले. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती हे खरे; पण असंख्य यंत्रांपर्यंत ती पोचलीच नव्हती.

सगळ्या शिवारात एकाच वाणाची पेरणी केली की एक रोग सारे पीक नेतो. मक्तेदारीत नेमके हेच घडते. नफा एकाचा आणि जोखीम सर्वांची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा थांबवली आणि चांगली चालणारी यंत्रे एका खासगी निर्णयाने धोक्याच्या यादीत गेली.

लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली अभेद्य आहेत, असा भ्रम मात्र नको. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या तिच्यातील एका घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघडकीस आले. परंतु मूळ संहिता सर्वांना खुली असल्यामुळे एका जागरूक अभियंत्याला त्याचा माग काढता आला, आणि तोही त्याचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वी.

मग अडते कोठे? जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदललेही. पण राजकीय बहुमत फिरले आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरले. उलट केरळने शिक्षकांना प्रशिक्षण देऊन शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले, आणि ते टिकले. सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. उणीव आहे ती शिकलेल्या माणसांची आणि लोकांच्या आग्रहाची.

म्हणून पंचायत समिती, शिक्षणसंस्था, पतपेढी अशा ज्या ज्या ठिकाणी आपले कार्यकर्ते आहेत, तेथे त्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात: नव्या संगणक-खरेदीपूर्वी मुक्त पर्यायाची जाहीर तपासणी व्हावी, आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी. दुसरी मागणी सुटली, तर पहिली कागदावरच राहील.