अज्जीच्या स्वयंपाकघरातला सराव पाठ

शाळेत शिजलेल्या दुपारच्या जेवणाची चव मुलांच्या आधी शिक्षकाने घ्यावी, असा नियम आहे. मुख्याध्यापकाच्या वाट्याला येणाऱ्या अनेक नियमांपैकी मला मनापासून आवडणारा हा एकच. आमची शाळा बेळगावची, सरकारी, मराठी माध्यमाची. मुले बहुतेक भाकरी-आमटीच्या घरांतली. परंतु 'अक्षर दासोह' योजनेतून शाळेत शिजतो तो भात आणि सांबार. स्वयंपाकीणबाई वाटीभर भातावर डावभर सांबार घालून माझ्यापुढे ठेवतात आणि मी पहिला घास घेतला की मन क्षणभर मैसूरला जाऊन येते.

गेल्या महिन्यात अशीच वाटी पुढे असताना आमच्याकडे सराव पाठांसाठी आलेली एक छात्राध्यापिका पाठ टाचणाची वही घेऊन आली. चेहरा उतरलेला होता. "सर, सहावीतला तो शेवटच्या बाकावरचा मुलगा एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. मला वाटते, तो थोडा मंद असावा." मुलाच्या घरी कन्नड बोलतात, हे मला ठाऊक होते. मी तिला समोर बसवले, दुसरी वाटी मागवली आणि म्हटले, "आधी जेवा. मग एका छात्राध्यापकाची गोष्ट सांगतो."

तो छात्राध्यापक म्हणजे मीच. १९९३ साली मराठीत एम.ए. झालो. गावात बी.एड.ला प्रवेश मिळाला नाही, तो मिळाला मैसूरला. शाळेत कन्नड शिकलो होतो, वाचता-लिहिता बरे येत होते. बोलण्याची मात्र सवय नव्हती आणि, खरे सांगायचे तर, इच्छाही नव्हती. १९५६ नंतरच्या सीमाभागात वाढलेल्या मनात एक अढी असते. ती माझ्याही मनात होती; आज या वयात ती झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

मैसूरला एका वठारात, म्हणजे आपल्याकडच्या वाड्यासारख्या वस्तीत, एका वृद्ध बाईंच्या घरची पुढची खोली मिळाली. घरात त्या, मुलगा, सून आणि आठवीतला नातू. सगळे त्यांना अज्जी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी मात्र मला पहिल्याच दिवशी 'मेष्ट्रे' करून टाकले. मेष्ट्रे म्हणजे मास्तर. अजून एकही पाठ न घेतलेल्या माणसाला ते संबोधन ऐकून फार संकोच वाटे.

छात्राध्यापकाचा दिवस हा विद्यार्थ्याचाही नसतो आणि शिक्षकाचाही नसतो. सकाळी कॉलेजात हर्बार्टची पंचपदी ऐकायची, दुपारी ती अनोळखी वर्गात चालवून पाहायची, रात्री बारापर्यंत तक्ते रंगवायचे आणि टाचणाच्या वहीत कोणत्या मिनिटाला मुले काय उत्तर देतील हेसुद्धा आधीच लिहून ठेवायचे. या साऱ्या धावपळीत दिवसाला आकार देत असे ते अज्जींच्या घरचे जेवण. सकाळी उप्पिट्टु किंवा तांदळाच्या पिठाची अक्की रोट्टी. डब्यात लिंबू पिळलेला चित्रान्न नाहीतर दहीभात. रात्री नाचणीचा वाफाळता उंडा, म्हणजे मुद्दे, आणि सारु.

मुद्देने पहिल्या रात्री माझी परीक्षाच पाहिली. मी भाकरीच्या सवयीने घास चावत बसलो. तो दातांना चिकटला, गिळवेना. सगळे घर हसले. अज्जींनी लहान तुकडा मोडून, सारूत बुडवून, न चावता गिळून दाखवला. शब्दाने काही सांगितले नाही. करून दाखवले आणि माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. दिग्दर्शन पद्धतीवर मी पुढे कॉलेजात बरेच काही लिहिले. पण ती पद्धत मला कळली ती त्या रात्री.

त्या स्वयंपाकात काटकसर आणि कौशल्य एकाच भांड्यात नांदत. बस्सारु हा त्यांचा हातखंडा पदार्थ. पालेभाजी आणि कडधान्य एकत्र शिजवायचे, पाणी गाळून घ्यायचे. त्या पाण्याला वाटण लावले की सारु, आणि गाळलेल्या भाजीला ओले खोबरे घालून फोडणी दिली की पल्य. एका उकळीत दोन पदार्थ, आणि कण वाया नाही. हुरळीचेही असेच. हुरळी म्हणजे आपले हुलगे, कोकणातले कुळीथ. घरी आई करी त्या कढणाची चव शेकडो मैलांवर, परक्या ताटात भेटली, तेव्हा मनातली अढी पहिल्यांदा थोडी सैल झाली.

भाषाही मला आधी ताटावरच आली. 'बेकु' म्हणजे हवे, 'बेड' म्हणजे नको, 'साकु' म्हणजे पुरे. वाढताना अज्जी म्हणत, "इन्नू स्वल्प?" म्हणजे, आणखी थोडे? आपल्या बोलण्यात 'स्वल्प' हा शब्द जवळजवळ स्वल्पविरामापुरताच उरला आहे. तेथे तो रोज भातावर वाढला जात होता. आपल्या तुपाला ते 'तुप्प' म्हणत. एम.ए.च्या पुस्तकांत भाषासंपर्कावर वाचले होते. तो संपर्क असा बोटांना लागला नव्हता.

परंतु ताटावरची भाषा वर्गात पुरत नाही. डिसेंबरात आठवीच्या वर्गावर विजयनगरच्या साम्राज्याचा पाठ होता. मागे निरीक्षक वही उघडून बसलेले. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईपर्यंत मी कसाबसा पोचलो आणि टाचणात लिहिल्याप्रमाणे मुलांना विचारले, "निम्म अनुमान एनु?" यावरून तुम्ही काय अनुमान काढाल, असे मला म्हणायचे होते. मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक जण उठून नम्रपणे म्हणाला, "अनुमान इल्ल, सार." मी पुन्हा तेच विचारले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी वर्ग हसला. नित्याच्या कन्नडात अनुमान म्हणजे शंका, हे मला ठाऊक नव्हते. मी त्यांना शंका विचारत होतो आणि ती बिचारी प्रामाणिकपणे, शंका नाही, असे सांगत होती. निरीक्षकांनी शेरा लिहिला : 'विषयाची तयारी चांगली, विद्यार्थ्यांशी संवाद नाही.'

त्या संध्याकाळी मी सामान बांधायला घेतले. परक्या भाषेत मूर्ख ठरण्यापेक्षा गावी जाऊन कारकुनी पत्करावी, असे ठरवले. जेवायला आलो नाही म्हणून अज्जी खोलीच्या दाराशी आल्या. बांधलेल्या वळकटीकडे त्यांनी पाहिले, पण काही विचारले नाही. "मेष्ट्रे, अवरेकाई सोलायची आहे. माणूस कमी पडते," एवढेच म्हणाल्या.

अवरेकाई म्हणजे पावट्याच्या जातीची शेंग. थंडीत तिचा हंगाम येतो. दाणे पाण्यात भिजवून ठेवतात. मग एकेक दाणा चिमटीत दाबला की सालीतून आतली डाळ सुळकन बाहेर येते. दाबण्याला कन्नडात हितुकु म्हणतात, म्हणून ती हितकिद बेळे. अर्ध्या शेराला तासभर लागतो. आम्ही चौघे परातीभोवती बसलो. काही वेळाने अज्जी म्हणाल्या, "आज मुलांना काय शिकवलेत, ते आम्हांला सांगा."

मी सांगू लागलो. जेथे शब्द अडे तेथे त्या थांबत, दाणे सोलत राहत, माझ्याऐवजी वाक्य पुरे करीत नसत. 'अनुमान'पाशी आलो तेव्हा नातू खो खो हसला आणि मग त्यानेच योग्य शब्द दिला. विजयनगरात लोक काय खात, असे सुनेने विचारले. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाईश १५२० च्या सुमारास तेथे गेला होता. बाजारातले तांदूळ, मूग, कुळीथ यांची त्याने नोंद केली आहे. हे ऐकताच अज्जी उठल्या आणि डब्यातली मूठभर हुरळी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मग लढाईपासून कशाला सुरुवात करता? येथून करा."

दुसऱ्या आठवड्यात त्याच वर्गावर मी कागदाच्या पुड्या घेऊन गेलो. तक्ता नव्हता. हुरळी दाखवली आणि विचारले, हे काय, घरी याचे काय करतात? ज्या मुलांना माझ्या प्रश्नांवर तोंड उघडता येत नव्हते, ती एकमेकांच्या आधी बोलू लागली. चुकलो की मला सुधारू लागली. बाजारातून आम्ही राजधानीत गेलो आणि राजधानीतून तालिकोटला. पाठ उत्तम झाला असे नाही. तास संपला तेव्हा उपयोजन राहूनच गेले होते. पण वळकटी मी सोडली होती.

एप्रिलात निघताना अज्जींनी डबाभर सारुपुडी बांधून दिली. निकाल लागला की येतो, असे सांगून आलो. नोकरी, बदल्या, संसार यांत तेरा वर्षे गेली. २००७ साली गेलो तेव्हा वठाराच्या जागी दुकाने उभी होती. अज्जी कधीच गेल्या होत्या. विद्यार्थी शिक्षकाला विसरतात, अशी तक्रार आम्ही शिक्षक वारंवार करतो. ती करताना माझी जीभ तेव्हापासून अडखळते.

एवढे ऐकून ती छात्राध्यापिका काही बोलली नाही. वाटी धुऊन ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा पाठ पाहायला गेलो, तर फळ्यावर टाचणातले काहीच नव्हते. आज सांबारात काय काय होते, असे तिने वर्गाला विचारले होते. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा उभा राहून कन्नडात भाज्यांची नावे सांगत होता, वर्ग मराठी नावे पुरवत होता आणि फळ्यावर दोन रकाने भरत चालले होते. एका ठिकाणी तो थांबला. वर्गातल्या दोघांनी उत्तर सांगायला हात वर केले. तिने त्यांना खुणेनेच खाली बसवले आणि खडू हातात धरून वाट पाहत राहिली.

बराच वेळ गेला. मग मुलगा म्हणाला, "शेवगा."